ट्रॉलीचा पाइप आणि आपला पगार

ब्रिटनमध्ये लांब दांड्याच्या ब्रशने खिडक्या धुणाऱ्यांसाठी आज पाइपाबद्दल बोलू.

ट्रॉलीला बागेचा जाड पाइप लावू नका. आतून 12 मिलिमीटरच्या 100 मीटर पाइपात 11 लिटरच्या वर पाणी मावतं. म्हणजे पाइपाचं वजन सोडून 11 किलो दिवसभर ओढायचे! 8 मिलिमीटरमध्ये पाच लिटर, 6 मध्ये तीनहून कमी. पण बारीक पाइपात धार कमी होते, पंपावर ताण येतो, बॅटरी लवकर उतरते. म्हणून जवळच्या कामाला 6, लांबच्या कामाला 8. थंडीत कडक होणारा, मुडपणारा पाइप नको. रंग भडक घ्या, फुटपाथवर कोणी अडखळायला नको.

आता पैशाचं. नोकरीवर असाल तर योग्य साधन देणं मालकाची जबाबदारी, 1998 चे नियम तसं सांगतात. पगारातून परस्पर पैसे कापायला 1996 चा रोजगार हक्क कायदा आडवा येतो: करारातली अट किंवा आधीची लेखी संमती लागते. शिवाय कामाच्या साधनापोटी कापून पगार किमान वेतनाखाली नेता येत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका, पगाराच्या पावत्या जपा. अडलंच तर 'एकास'च्या मोफत सल्ल्याला फोन करा: 0300 123 1100.