आधी जमिनीला विचारू या
(निधी-संकलन कार्यक्रमातील भाषण)



मी पडले सॉफ्टवेअर इंजिनीअर. मातीशी माझा संबंध दिवाळीत मुलांबरोबर किल्ला करण्यापुरता. त्यामुळे बोलायचा आग्रह झाला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. पण आजचा निधी गावाकडच्या जलसंधारणाच्या कामांसाठी आहे, आणि त्या बाबतीत माझे हात एकदा चांगलेच पोळले आहेत. तेच सांगायला उभी आहे.

सुरुवात आपल्या अ‍ॅशबर्नपासून करते. १९९० साली लाउडन काउंटीची लोकसंख्या सुमारे ८६ हजार होती. २०२०च्या जनगणनेत ती ४ लाख २० हजारांवर गेली. जिथे गाई चरायच्या तिथे आज आपली घरं आहेत आणि घरांच्या पलीकडे खिडक्या नसलेली डेटा सेंटर्स. त्यातल्याच काहींच्या जिवावर आपल्यापैकी कित्येकांची चूल पेटते, तेव्हा मी त्यांना नावं ठेवणार नाही!

घर घेतलं त्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या मागच्या अंगणाला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. पाऊस आला की तीच माती बुटाला अशी चिकटायची की सुटता सुटेना. मी इंटरनेटवर वेब सॉइल सर्व्हे उघडला. इथल्या केंद्रीय कृषी खात्याने २००५ पासून तो सर्वांना फुकट ठेवला आहे. आपल्या भागावर बोट ठेवलं की मातीचं नाव, निचरा, उतार, तिथे तळघर करणं योग्य की नाही, सगळं समोर येतं. गंमत म्हणजे ज्या वॅक्सपूल रोडवरून आपण रोज जातो, त्या नावाची एक मातीच आहे! पाण्याचा निचरा न होणारी, चिकणमातीची.

ही माती डायबेस नावाच्या काळ्या खडकापासून होते. तो सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे वयात अंतर असलं तरी दोघं चुलतभाऊच. दोघांपासून होणारी चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणून तर आपले आजोबा काळ्या रानात पाया घेताना मुरूम लागेपर्यंत खणायचे. त्यांनी सॉइल सर्व्हे पाहिला नव्हता, पण जमिनीला विचारलं होतं.

इथेही तेच करतात, फक्त कागदावर. फुगणाऱ्या मातीवर बांधायचं तर आधी मातीचा तपास. पश्चिम भागात सांडपाण्याची लाइन नाही, तिथे माती पाणी जिरवते का हे पाहिल्याशिवाय घराला परवानगी नाही. उत्तरेला लुकेट्सकडे चुनखडीत जमीन खचून खड्डे पडतात, म्हणून तिथले नियम वेगळे. २०१९च्या आराखड्यात तर पूर्वेला दाट वस्ती, मध्ये संक्रमणाचा पट्टा आणि पश्चिमेला शेती अशी वाटणीच आहे. सगळं आलबेल आहे असं नाही. डेटा सेंटर्सना काही भागांत आपोआप मिळणारी परवानगी बंद व्हायला मार्च २०२५ उजाडावा लागला. पण निदान प्रश्न विचारायची पद्धत तरी आहे.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी आम्ही चार मैत्रिणींनी पैसे जमवून माझ्या मामाच्या गावी, माण तालुक्यात, शेततळं खणायला दिले. रिकामी जागा होती, मशीन आलं, चार दिवसांत तळं तयार. फोटो आले, आम्ही खूश! त्या वर्षी पाऊसही बरा झाला. पण संक्रांतीला मामाचा फोन आला, "अगं, तळं कोरडं पडलं." जागा होती उतारावर, खाली नुसता मुरूम. पाणी थांबणार कसं? गावातले एक म्हातारे गुराखी म्हणे आधीच म्हणाले होते, "हितं पानी ठरत न्हाई." त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. ऑफिसमध्ये रिक्वायरमेंट कळल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. इथे मात्र सरळ चेक लिहून मोकळी झाले.

त्यातली खरी मेख पुढे कळली. त्या वर्षी उतारावरच्या खालच्या दोन विहिरींना नेहमीपेक्षा जास्त दिवस पाणी होतं. म्हणजे ती जागा वाईट नव्हती. ती पाणी जिरवायची जागा होती, आम्ही तिला साठवायला सांगत होतो. तळ्यासाठी खालची चिकणमातीची जागा बघायला हवी होती.

पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आपल्याला ठाऊक आहे. तिथे काम माथ्यापासून पायथ्याकडे झालं: आधी डोंगरावर चर, मग खाली बंधारे. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर बंद. ही सगळी जमिनीला विचारून घेतलेली उत्तरं आहेत. उलट ३० जुलै २०१४ला माळीण आणि १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. उतार काय सोसू शकतो हे वेळेत विचारणं किती मोलाचं आहे, ते त्या दोन वाड्यांनी दाखवलं.

म्हणून माझी विनंती एवढीच. आजच्या निधीतला पहिला वाटा मोजणीला द्या. गावचा नकाशा, ओघळी, उतार, जागोजागी खड्डा घेऊन मातीचे थर, विहिरींची पातळी, आणि गावातल्या जुन्या माणसांबरोबर शिवारफेरी. नागपूरला मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आहे, तेव्हा नकाशे शून्यापासून करायचे नाहीत. या खर्चाचा फोटो छान येणार नाही, हे मान्य. किती बंधारे बांधले हा आकडा फलकावर लागतो. कुठे बांधायचे नाहीत हे ठरवलं, त्याचा फलक कुणी लावत नाही. पण तुमचा डॉलर वाचतो तो तिथेच.

मामाच्या गावचं ते तळं अजून तसंच आहे. त्याला आता गावात "अमेरिकेचा खड्डा" म्हणतात. आपल्या मंडळाच्या नावाने दुसरा खड्डा होऊ नये, एवढीच इच्छा. सढळ हाताने द्या, आणि दिल्यावर विचाराही.