आगगाडीचा नमुना : स्थळ आणि साल

लहान मुलाच्या खेळांतली आगगाडी आणि मोठ्या माणसानें वेळ, पैसा व दृष्टि खर्चून तयार केलेली आगगाडीची प्रतिकृति यांत भेद कोणता, असा प्रश्न मला पुष्कळदां विचारण्यांत येतो. खेळण्यांतली गाडी धांवली कीं तिचें काम झालें. प्रतिकृति मात्र धांवतां धांवतां कांहीं सांगत असते. अमुक इंजिनाला इतकीं चाकें होतीं, धुराडें इतकें उंच होतें, ड्रायव्हर अशा ठिकाणीं उभा राहत असे, हें ती पाहणाऱ्यास सांगते. आणि पाहणारा तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें म्हणून खरें मानून घरीं जातो. पुस्तकांतलें चुकीचें वाक्य विद्यार्थी परीक्षेनंतर विसरतो. चुकीचें चित्र तो विसरत नाहीं. तीस-पस्तीस वर्षें इतिहास आणि भूमिति शिकविलेल्या मनुष्यास एवढें सांगण्याचा अधिकार असावा.

भारतांतील रुंद मार्गावरची वाफेच्या इंजिनांची नित्याची वाहतूक १९९५ सालीं संपली. ज्यांनीं भट्टीची धग अंगावर घेतली ते लोक आतां वृद्ध झाले आहेत. पुढच्या पिढीला वाफेचें इंजिन कळावयाचें तें दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयासारख्या ठिकाणीं उभ्या असलेल्या मोजक्या इंजिनांवरून आणि हौशी लोकांनीं घरीं बसून केलेल्या नमुन्यांवरून. आजचा नमुना उद्यां पुरावा म्हणून दाखविला जाईल, ही गोष्ट कानस हातांत घेण्यापूर्वींच ध्यानांत ठेवावी.

"मला जुन्या काळची आगगाडी करावयाची आहे," असें हौशी मंडळी म्हणतात. अशी आगगाडी जगांत कधींच नव्हती. जी होती ती अमुक मार्गावर, अमुक सालीं होती. स्थळ आणि साल ठरविल्यावांचून संशोधनास आरंभच होत नाहीं. कारण काय शोधावयाचें हेंच ठरलेलें नसतें.

एका प्रदर्शनांत 'हिंदुस्थानांतील पहिली आगगाडी' ह्या नांवाचा मोठा देखावा मांडला होता. कारागिरी उत्तम होती. गाडी दगडी कमानींच्या लांब पुलावरून खाडी ओलांडीत होती. मागें व्हिक्टोरिया टर्मिनसचा घुमट होता. इंजिनाच्या पुढें गुरें बाजूस सारणारी लोखंडी जाळी होती. आणि सभोंवार हिरवेंगार गवत पसरलें होतें. माझ्याबरोबर माझा एक जुना विद्यार्थी आला होता. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, ही गाडी ठाण्याच्या पुढें कशी गेली?"

प्रश्न अगदीं मर्माचा होता. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं ३ वाजून ३५ मिनिटांनीं बोरीबंदरहून निघाली आणि २१ मैलांवरील ठाण्यास जाऊन थांबली. चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित, तीन इंजिनें आणि २१ तोफांची सलामी हा तपशील सर्वश्रुत आहे. खाडीवरचा पूल ठाण्याच्या पलीकडे आहे, आणि त्यावरून कल्याणपर्यंतचा मार्ग खुला झाला तो १ मे १८५४ रोजीं. तेव्हां त्या पुलावरील गाडीचें कोणतेंही चित्र पहिल्या गाडीचें असूं शकत नाहीं. तरी तसलें चित्र 'पहिली गाडी' म्हणून वर्षानुवर्षें छापलें जातें, आणि हल्लीं तर भ्रमणध्वनीवरून घरोघर फिरतें. टर्मिनसच्या इमारतीचें काम १८७८ सालीं सुरू होऊन १८८८ सालीं पुरें झालें. म्हणजे तो घुमट पहिल्या गाडीहून पस्तीस वर्षांनीं धाकटा. जाळीचें इंजिन तर सरळ अमेरिकन खेळणें होतें. आपल्याकडे जी. आय. पी. रेल्वेसाठीं आलेलीं पहिलीं आठ इंजिनें लँकेशायरांतील न्यूटन-ले-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीनें १८५२ सालीं बांधलीं. पुढें लहान चाकांची एक जोडी आणि मागें एकमेकांस दांड्यांनीं जोडलेल्या मोठ्या चाकांच्या दोन जोड्या, अशी त्यांची रचना होती. राहिलें गवत. एप्रिलांत मुंबई-ठाण्याच्या वाटेवर विलायती कुरणासारखी हिरवळ कोणी पाहिली आहे? परदेशी डबींत मिळणारी हिरवी पूड मिळाली म्हणून पसरावी, असें नव्हे. सालाबरोबर महिनाही ठरवावा.

त्या तीन इंजिनांचीं नांवें साहिब, सिंध आणि सुलतान अशीं सर्वत्र सांगतात. नांवें खुशाल सांगावीं. परंतु नांवाची पाटी इंजिनाच्या कोणत्या बाजूस आणि कोणत्या वळणाच्या अक्षरांत होती, हें नांवावरून कळत नाहीं. त्या काळचें चित्र किंवा नकाशा पुढें नसतां पितळेची चकचकीत पाटी बसविणें म्हणजे दंतकथेवर सरकारी शिक्का मारण्यासारखें आहे.

आतां पुराव्यांविषयीं. सर्वांत भरंवशाचा पुरावा म्हणजे कारखान्याचा मूळ नकाशा. पण नकाशा इंजिन बांधण्यापूर्वींचा असतो. बांधल्यावर काय काय बदललें तें त्यांत नसतें. उलट संग्रहालयांतलें इंजिन हें त्याच्या शेवटच्या दिवसांचें इंजिन असतें. इंजिनाचा सांगाडा दीर्घकाळ टिकतो, पण बॉयलर, धुराडें, दिवे, ब्रेक हे सर्व वेळोवेळीं बदलले जातात. संग्रहालयांत माप घेऊन केलेला नमुना जन्मसालाच्या नांवानें मांडणें म्हणजे आजोबांचें छायाचित्र दाखवून 'हा त्यांच्या बारशाचा दिवस' असें म्हणणें होय.

मधल्या काळासाठीं छायाचित्रें. येथें मॅट्रिकची भूमिति कामास येते. बरोबर बाजूनें घेतलेलें छायाचित्र निवडावें आणि ज्याचें खरें माप ठाऊक आहे अशी एक वस्तु त्यांत शोधावी. समजा, मोठ्या चाकाचा व्यास ५ फूट असल्याचें नोंदींत मिळालें, आणि छायाचित्रांत तो १२ मिलिमीटर व धुराडें १० मिलिमीटर भरलें; तर धुराडें ४ फूट २ इंच उंच. त्रैराशिकापलीकडे यांत कांहीं नाहीं. मात्र छायाचित्र तिरपें असेल तर दूरचा भाग आंखडलेला दिसतो आणि हिशेब फसतो. रंगाच्या बाबतींत तर जुन्या छायाचित्रावर मुळींच विसंबूं नये. त्या काळच्या कांचांवर तांबडा रंग काळसर उमटे आणि निळा फिकट. काळें दिसणारें इंजिन काळेंच होतें असें नाहीं.

वेळापत्रकें आणि डब्यांवरील अक्षरें यांकडे फार थोडे लोक लक्ष देतात. जी. आय. पी. रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं मध्य रेल्वेंत विलीन झाली. त्यापूर्वींच्या डब्यावर 'मध्य रेल्वे' ही अक्षरें येणें शक्य नाहीं. नंतरच्या डब्यावर जुनीं अक्षरें मात्र असूं शकतात, कारण रंगारी कांहीं एका रात्रींत सगळे डबे रंगवीत नाहीं. 

आणि माणसांची आठवण? माझे एक शेजारी वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्यें फिटर होते. वय नव्वदीकडे झुकलेलें. मीं कांहीं विचारावयास गेलों कीं ते म्हणतात, "मास्तर, साल मला विचारूं नका. तेल घालतांना हात कोणत्या नळीला भाजायचा, तें विचारा." मला ह्या वाक्यांत इतिहासशास्त्राचा एक संपूर्ण धडा दिसतो. ज्यानें इंजिन हातांनीं हाताळलें त्याची आठवण नळीच्या जागेबद्दल पक्की असते आणि तारखेबद्दल कच्ची. त्याला तारीख विचारून तो गोंधळला म्हणून त्याची सगळी साक्ष फेंकून देणारा संशोधक स्वतःचेंच नुकसान करून घेतो. अशा माणसांकडे आजच जावें; उद्यांवर टाकूं नये.

थोडें गणितही सांगतों. आपल्या रुंद मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंच. फुटास ४ मिलिमीटर हें इंग्रजी नमुन्यांचें प्रचलित प्रमाण घेतलें, तर नमुन्याचे रूळ २२ मिलिमीटरवर पाहिजेत. बाजारांत तयार मिळणारे रूळ असतात १६·५ मिलिमीटरचे. म्हणजे बरोबर चौथा हिस्सा कमी. त्यांवर आपलें इंजिन, एखादा पैलवान पाय जुळवून उभा रहावा तसें दिसतें. खुद्द इंग्रजांचेंही हेंच दुखणें आहे. त्यांच्या ४ फूट ८½ इंचांच्या मार्गास ह्या प्रमाणांत १८·८३ मिलिमीटर लागतात आणि बहुतेक जण १६·५ वरच भागवितात. ज्याला स्वतः रूळ बसवितां येतात त्यानें २२ चेच बसवावे. ज्याला झेपत नाहीं त्यानें तयार रूळ वापरावे. त्यांत पाप नाहीं, मात्र तसें लिहून ठेवावें.

एवढें सर्व ध्यानांत घेऊन आम्हीं दोघांनीं, म्हणजे वर सांगितलेले शेजारी आणि मी, बोरघाट निवडला. जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य इंजिनीयर जेम्स बर्कले यांनीं ह्या रेल्वेचें वर्णन १८६० सालीं लंडनच्या सिव्हिल इंजिनीयरांच्या संस्थेपुढें वाचलें, तें छापील उपलब्ध आहे. घाटाची लांबी १५ मैल ६८ साखळ्या, एकंदर चढ १८३१ फूट, आणि सर्वांत कठीण जागीं ३७ फुटांस १ फूट चढण. सगळा घाट आमच्या प्रमाणांत करूं म्हटलें तर सुमारें ११०० फूट लांब आणि २४ फूट उंच जागा लागेल. आमच्या गच्चीवर ती नाहीं. म्हणून खंडाळ्याजवळचें, गाडी उलट फिरविण्याचें स्टेशन तेवढें घेतलें. १८६३ सालीं घाट खुला झाल्यापासून गाडी चढून तेथें येई, पुढें मार्ग संपे, इंजिन सोडून दुसऱ्या टोंकास जोडावें लागे आणि गाडी उलट दिशेनें वर जाई. १९२९ सालीं नवा मार्ग झाला आणि तें स्टेशन सुटलें. तेव्हां त्या सालानंतरची कोणतीही गाडी आम्हांस तेथें उभी करतां येत नाहीं, ती कितीही आवडती असो.

चढणीबद्दल एक सूचना. ३७ फुटांस १ फूट ही चढण आठ फुटांच्या टेबलावर अडीच इंचांहून थोडी अधिक भरते. डोळ्यांना ती क्षुल्लक वाटते आणि हात आपोआप अधिक उंची देऊं लागतो. घाट म्हटलें कीं कौलारू छपरासारखा उतार पाहिजे, असें आपल्या मनांत असतें. खरी गाडी त्या छपरावर चढलीच नसती.

आम्हीं साल धरलें १८९०, महिना मार्च. मागें नागफणीचा सुळका उभा आहे, डोंगर पिवळट आहेत. स्टेशनांतील घड्याळ मुंबईच्या घड्याळाहून अर्धा तास पुढें लावलें आहे, कारण त्या काळीं रेल्वे मद्रासच्या वेळेनें चाले. येणारा प्रत्येक पाहुणा तें चुकलें म्हणून सांगतो. टेबलाच्या कडेस एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर स्थळ, साल, कोणती गोष्ट कोठून घेतली आणि कोणती केवळ तर्कानें केली, हें शेजाऱ्यांच्या नातीनें सुवाच्य अक्षरांत लिहिलें आहे. इंजिन पुरें झालें. डबेही झाले, पण त्यांच्या रंगाचा लेखी पुरावा हातीं येईपर्यंत त्यांना राखी अस्तरावरच ठेविलें आहे. शेजारी दर आठवड्यास विचारतात, "मास्तर, रंग आणूं का?" अजून तरी मी थांबा म्हणतों.