भूतदयेचा ताळेबंद

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'अडचणीच्या काळात संस्था कशी टिकवावी'. तुमच्यापैकी बहुतेक जण शिक्षण, आरोग्य, महिलांचे प्रश्न अशा कामांत आहात. मी बोलणार आहे ते जखमी कुत्री, मांजरं आणि गाढवं सांभाळणाऱ्या एका केंद्राबद्दल. सुरुवातीलाच सांगतो, माणसांचे प्रश्न आधी की प्राण्यांचे, हा वाद मी इथे घालणार नाही. आपल्या संविधानाच्या कलम ५१क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं सांगितली आहेत. त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आहे आणि प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणंही आहे. दोन्ही एकाच यादीत आहेत, एवढंच पुरे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. पुण्याबाहेरच्या या लहानशा केंद्रात मी शनिवार-रविवारी जातो. मला इंजेक्शन देता येत नाही, पट्टी बांधता येत नाही. म्हणून माझ्याकडे हिशोब आले. इंजिनिअर म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, आता हा एखादं ॲप बनवणार. मी एक तक्ता बनवला. डावीकडे पुढचे तेरा आठवडे, वर येणारे पैसे, खाली जाणारे पैसे, तळाला शिल्लक. कुठल्याही दुकानदाराच्या डोक्यात असतो तेवढाच तो तक्ता. पण बहुतेक संस्थांमध्ये तो नसतो, कारण आपण वर्षाचा हिशोब वर्ष संपल्यावर ऑडिटसाठी करतो. ऑडिट मागचं सांगतं. पगाराची तारीख पुढे असते.

मार्च २०२० मध्ये आमच्याकडे १६० प्राणी होते : ११८ कुत्री, २७ मांजरं, ६ गाढवं आणि ९ गाई-वासरं. महिन्याचा खर्च चार लाख वीस हजार. त्यात खाणं एक लाख तीस हजार, नऊ कामगारांचे पगार एक लाख पंचेचाळीस हजार, औषधं आणि लसी पंच्याऐंशी हजार, आणि जागेचं भाडं, वीज, पाण्याचे टँकर, गाडीचं डिझेल मिळून साठ हजार. भागाकार केला तर एका प्राण्याचा दिवसाचा खर्च सुमारे ८८ रुपये.

बँकेत नऊ लाख सहासष्ट हजार होते. म्हणजे सव्वादोन महिन्यांची सोय, असं सगळ्यांना वाटत होतं. पण त्यातले साडेपाच लाख शस्त्रक्रियेची खोली बांधण्यासाठी मिळालेले होते. ज्या कामासाठी देणगी घेतली ते काम सोडून ती दुसरीकडे वापरता येत नाही. कायद्यानेही नाही आणि सचोटीनेही नाही. ते पैसे बाजूला काढले तर उरले चार लाख सोळा हजार. म्हणजे एक महिनासुद्धा पूर्ण नाही. मित्रहो, आपापल्या संस्थेत परत गेल्यावर पहिलं काम हे करा. खात्यातल्या रकमेतून बांधील देणग्या वजा करा, उरलेल्या रकमेला महिन्याच्या खर्चाने भागा. येणारं उत्तर म्हणजे तुमच्या संस्थेचं आजचं आयुष्य.

टाळेबंदी लागली आणि सगळ्या बाजूंनी एकदम कोंडी झाली. हॉटेलांतून मिळणारं उरलेलं अन्न बंद झालं. त्याआधीच कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा पसरली होती, कोंबडीचे भाव कोसळले होते. मग दुकानंच बंद झाली आणि तिथून स्वस्तात मिळणारी मुंडकी आणि पाय मिळेनासे झाले. कुत्र्या-मांजरांपासून कोरोना होतो अशीही अफवा होती, त्यामुळे पाळलेले प्राणी आमच्या फाटकाला बांधून लोक निघून जाऊ लागले. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी कोविडच्या कामाकडे वळला. ते स्वाभाविक होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमची जवळजवळ निम्मी आवक त्यातून होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विश्वस्तांची बैठक झाली, फोनवरच. दोन प्रस्ताव होते. एक, कामगारांचे पगार अर्धे करायचे. दोन, काही काळ नवे प्राणी घेणं थांबवायचं. आमच्या संस्थापक ताई आता सत्तरीच्या आहेत. त्यांनी घरच्या ओसरीत दोन कुत्र्यांपासून हे काम सुरू केलं. त्या म्हणाल्या, "दारात आलेल्या मुक्या जिवाला परत पाठवायचं असेल, तर फाटकावरची पाटी काढून टाका."

मी म्हणालो, "ताई, पाटी राहील. पण आत असलेल्या १६० जणांना आपण आधीच शब्द दिलेला आहे."

"आणि बाहेरच्याला?"

"बाहेरच्याला आपण शब्द देतो तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा असतो. कुत्रं तेवढं जगतं."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग आमच्या सगळ्यात जुन्या कामगार मावशींचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, "तिचे पगार अर्धे केले तर ती काय खाईल?" तिथे पहिला प्रस्ताव बारगळला.

हा मुद्दा मला सविस्तर मांडायचा आहे, कारण तो प्राण्यांपुरता नाही. सेवाभावी संस्था अडचणीत आली की पहिली कात्री सफाई करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या पगाराला लागते. कारण ते भांडत नाहीत. आपण त्याला 'त्याग' म्हणतो, पण तो त्यांच्याकडून न विचारता घेतलेला असतो. शिवाय व्यवहार म्हणूनही ते चुकीचं आहे. आमचे दोन कामगार गावी गेले असते तर पिंजरे धुतले गेले नसते. पिंजरे धुतले नाहीत की पार्व्हो पसरतो. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकून राहतो, पिल्लांना रक्ताचे जुलाब होतात आणि एकेका पिल्लाला दिवसदिवस सलाईनवर ठेवावं लागतं. पगारात वाचवलेले पैसे औषधांत दुपटीने जातात. म्हणून आम्ही ठरवलं, तीन गोष्टींना हात लावायचा नाही : पगार, लसीकरण आणि केंद्रातल्या प्राण्यांची नसबंदी.

मग कशाला हात लावला? खोलीसाठी पैसे देणाऱ्या दोघांना आम्ही लेखी विचारलं, की हे पैसे तात्पुरते खाण्यासाठी वापरू का. साडेतीन लाख देणाऱ्या कुटुंबाने दुसऱ्याच दिवशी लेखी होकार दिला. दोन लाख देणाऱ्या कंपनीने नकार दिला. ते दोन लाख आम्ही शेवटपर्यंत तसेच ठेवले. जागेच्या मालकांनी भाड्याचा काही भाग पुढे ढकलला. औषधं दोन इतर केंद्रांबरोबर एकत्र घाऊक घेतली. आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. लोक घरी बसले होते, म्हणून आम्ही आवाहन केलं की तीन महिन्यांसाठी एक प्राणी घरी न्या, औषध आमचं, खाणं तुमचं. ४१ प्राणी घरांमध्ये गेले. त्यातले २९ परत आलेच नाहीत, ते त्या घरांचे झाले. खर्च तीन लाख पंचेचाळीस हजारांवर आला.

नवे प्राणी घेण्याचं काय? आम्ही रेषा आखली. अपघात आणि गंभीर आजार असेल तर आत. कंटाळा आला म्हणून सोडायला आणलेला पाळीव प्राणी नाही. ज्याच्यावर जागेवर उपचार होऊ शकतात, त्याच्यावर तिथेच, जवळच्या माणसाला फोनवर सांगून किंवा स्वयंसेवक पाठवून. दहा आठवड्यांत १०७ फोन आले. ३८ प्राणी आत घेतले, ४६ जणांवर जागेवर उपचार केले, आणि २३ जणांसाठी आम्ही काही करू शकलो नाही. हा शेवटचा आकडाही आमच्या अहवालात छापला आहे. काही हितचिंतक म्हणाले, तो काढा, देणगीदार नाराज होतील. ताईंनीच तो ठेवायला लावला.

आता आवक. इथे तुमच्या सगळ्यांच्या कामाची गोष्ट आहे. आपल्याकडे संस्थेचा पैसा येतो त्या वाटा गेल्या काही वर्षांत बदलल्या आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर एक संस्था परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थांमार्फत लहान केंद्रांना मिळणारी मदत त्यामुळे थांबली. ८०जीचं प्रमाणपत्र हे आपलं जुनं आमिष. पण ती वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून तीच प्रणाली गृहीत धरली जाते. म्हणजे 'कर वाचवा, देणगी द्या' हे वाक्य आता बहुतेक पगारदारांना लागू पडत नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीत प्राणिकल्याण बसतं, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात तसा उल्लेख आहे. पण कंपनीला गाडी द्यायला आवडते, गाडीचं डिझेल द्यायला आवडत नाही.

डिझेल, तांदूळ आणि पगार यांसाठी पैसे येतात ते सामान्य माणसाच्या छोट्या, दरमहा देणगीतून. आम्ही सुरुवात केली तेव्हा असे ६२ जण होते. दीड वर्षात ४१० झाले, दरमहा सरासरी ३४० रुपये देणारे. म्हणजे जवळपास एक लाख चाळीस हजार, कामगारांच्या पगाराएवढे. ते कसे जमले? रक्तबंबाळ कुत्र्याचा फोटो टाकला की एकदा पैसे येतात. दर महिन्याला यायचे तर दर महिन्याला हिशोब द्यावा लागतो. आम्ही पाच तारखेपर्यंत एक पान पाठवतो. किती आले, किती गेले, कशावर गेले, किती प्राणी बरे झाले, किती मेले. मराठीत, साध्या भाषेत. एका रिक्षावाल्या काकांनी ते वाचून फोन केला होता, तांदूळ महाग घेताय म्हणून. त्यांनी सांगितलेल्या दुकानातून आम्ही आता कणी घेतो.

यातही एक धडा आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. ग्राहकाच्या हिताचेच नियम आहेत, पण जुन्या सूचना एका फटक्यात बंद पडल्या. आमचे ९६ देणगीदार कार्डावर होते. त्यांना ईमेल पाठवून भागणार नव्हतं. तीन स्वयंसेवकांनी प्रत्येकाला फोन केला, यूपीआयवरून नवी नोंदणी करून दिली. ७१ जण परत आले. तंत्रज्ञान माझं पोट भरतं, तरी सांगतो, त्या आठवड्यात संस्था वाचवली ती फोनवर नीट बोलता येणाऱ्या तीन मुलींनी.

हे सगळं नवं आहे असंही नाही. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून दंगा झाला. पारशी समाज त्यात पुढे होता. राग दोन दिवसांचा असतो. पण त्यानंतर, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली, आणि वेगवेगळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांनी आपल्या व्यापारावर एक ठरावीक लाग स्वतःहून बसवून घेतली. माल विकला की थोडा वाटा पांजरपोळीला. कोणाला रडवावं लागत नव्हतं, रोज हात पसरावा लागत नव्हता. भुलेश्वरला ती पांजरपोळ आजही आहे. दया सवयीत आणि व्यवहारात उतरली तर ती जवळजवळ दोनशे वर्षं टिकू शकते.

आमचं सगळं छान चाललं आहे, असं समजू नका. २०२३ च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. त्यांच्यासाठी हे काम करणाऱ्या संस्थेला आधी स्वतःचे पैसे घालावे लागतात, बिल मागाहून मिळतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांचा प्रश्न गाजला, आणि 'सगळ्यांना निवाऱ्यात ठेवा' असं म्हणणं सोपं झालं. ज्यांनी एका कुत्र्याचे ८८ रुपये मोजले आहेत त्यांना कळतं, की निवारा हा उपाय फार महाग आहे आणि नसबंदी आणि लस हा स्वस्त. चावा घेतलेल्या मुलाच्या आईचा राग खरा आहे. तिच्या मुलाच्या सुरक्षिततेसाठीसुद्धा, पैसा कुठे घातला की कुत्री आणि रेबीज दोन्ही कमी होतील, हा हिशोबच विचारायला हवा.

आज आमच्याकडे चार महिन्यांचा राखीव निधी आहे. सहा करायचा आहे. विश्वस्तांच्या बैठकीत तेरा आठवड्यांचा तक्ता पहिला विषय असतो, आणि ताई चष्मा लावून तळाची ओळ आधी वाचतात.

शेवटी एवढंच सांगतो. आपल्या चळवळींमध्ये पैशाबद्दल बोलणं थोडं कमीपणाचं मानलं जातं. ध्येयाबद्दल बोलावं, हिशोब कोणीतरी बघेल. पण आपण ज्यांच्यासाठी काम करतो, मग ती शाळा सुटलेली मुलगी असो किंवा पाय मोडलेलं गाढव, त्यांना आपल्या ध्येयाचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा पुढच्या महिन्यातही आपलं दार उघडं असतं. तेव्हा घरी गेल्यावर तो भागाकार करा. उत्तर एकच्या खाली आलं तर घाबरू नका, पण लपवूही नका. आपल्या कामगारांना आधी सांगा, मग देणगीदारांना.