घरच्या खोलीत घडणारे गीत



रॉक संगीत म्हटले की भव्य रंगमंच, प्रचंड ध्वनिवर्धक आणि हजारोंचा जमाव डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु या संगीतातील काही मोलाच्या कृती साध्या घरांत आणि तळघरांत तयार झालेल्या आहेत. हे कसे शक्य झाले, आणि स्वतःचे गीत ध्वनिमुद्रित करू इच्छिणाऱ्या आपल्या गावोगावच्या तरुणांना त्यापासून काय घेता येईल, हा आजचा विषय आहे.

अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल यांनी घरीच प्रयोग करून, एकाच वादकाच्या वादनाचे अनेक थर एकावर एक चढविण्याची पद्धत रूढ केली. पुढे टॉम शोल्झ या अभियंत्याने तिचा पुरेपूर उपयोग केला. ते पोलरॉइड कंपनीत नोकरी करीत आणि उरलेला वेळ बोस्टनजवळच्या आपल्या तळघरात घालवीत. ध्वनिमुद्रिका कंपनीला गीते व्यावसायिक स्टुडिओत नव्याने मुद्रित व्हावयास हवी होती; तरीही बहुतेक वाद्यांचे काम शोल्झ यांनी तळघरातच पुरे केले. १९७६ मध्ये 'बोस्टन' या नावाने ती ध्वनिमुद्रिका निघाली आणि एकट्या अमेरिकेत तिच्या खपाची नोंद १ कोटी ७० लाखांवर गेली.

दुसरे उदाहरण ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात, चार पट्ट्यांचे एक कॅसेट यंत्र आणि दोन मायक्रोफोन एवढ्याच सामग्रीवर त्यांनी काही गीते नमुन्यादाखल मुद्रित केली. नंतर स्टुडिओत संपूर्ण वाद्यवृंदासह ती गाऊन पाहिली. परंतु कॅसेटमधील एकाकी आर्तता त्यात उतरेना. अखेर त्या कॅसेटवरूनच त्याच वर्षी 'नेब्रास्का' ही ध्वनिमुद्रिका काढण्यात आली.

एकाने वर्षानुवर्षे घासूनपुसून काम केले, दुसऱ्याने थोडक्या अवधीत उरकले. दोघांत समान गोष्ट एकच: वेळ त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. ताशी भाडे मोजावे लागते तेथे कलावंत चूक करावयास भितो, आणि चुकण्याची भीती असली की नवे काही सुचत नाही.

आज यंत्राची अडचण पुष्कळ कमी झाली आहे. साधा संगणक, ध्वनी संगणकात नेणारी छोटी पेटी, एक बरा मायक्रोफोन आणि कानावरचे हेडफोन एवढ्यावर काम सुरू होते. 'ऑडॅसिटी'सारखी संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते. खरी अडचण खोलीची असते. उघड्या भिंतींवरून आवाज परततो आणि गाणे घुमते. त्यावर महागडा उपाय नको. गोधड्या, गाद्या, कपड्यांनी भरलेले कपाट आणि पुस्तकांच्या फळ्या आवाज शोषून घेतात किंवा विखुरतात. पंखा बंद करावा आणि गायकाने मायक्रोफोनपासून सुमारे वीतभर दूर उभे राहावे. प, फ, ब, भ या वर्णांबरोबर ओठांतून वाऱ्याचा झोत बाहेर पडतो. मध्ये कड्यावर ताणलेले पातळ कापड धरले की तो अडतो.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम लय निश्चित करून तिचा ठोका कानात ठेवावा आणि कच्चे गायन व गिटार मुद्रित करावे. त्याच्या आधाराने ड्रम, मग बास गिटार, मग गिटारचे थर आणि शेवटी पक्के गायन घ्यावे. ड्रम वाजविणे शक्य नसेल तर संगणकावर ते रचता येतात. आवाजाची पातळी कमाल मर्यादेच्या बरीच खाली ठेवावी; संगणकात मर्यादा ओलांडली की फाटलेला आवाज नंतर धडपणे सांधता येत नाही. थरांची जुळवणी करताना प्रत्येक वाद्याला आपली जागा द्यावी. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते, साध्या गिटारची सुमारे ८२. दोन्ही वाद्ये एकाच पट्ट्यात दाटली की गीत गढूळ होते. अशा वेळी आवाज वाढविण्यापेक्षा एकाचा नको तो भाग कमी करणे हिताचे.

शेजारधर्माचाही विसर पडू नये. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे. गीत चार मित्र मिळून करतात. ते लोकांना आवडू लागले की ते कोणाचे, हा वाद उभा राहतो आणि मैत्री तुटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. ते मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. शब्द व चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशीच द्यावा लागतो; मुदत लिहिली नसल्यास ती ५ वर्षांची मानली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटाही सुरक्षित केला आहे. म्हणून पहिला सूर मुद्रित होण्यापूर्वीच शब्द कोणाचे, चाल कोणाची, खर्च कोणाचा आणि उत्पन्नाची वाटणी कशी, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. घाईने पुढे केलेल्या करारावर न वाचता सही केली तर वर्षांची मेहनत एका क्षणात परक्याची होते.

येथे शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. शाळा सुटल्यावर एखादी शांत खोली आठवड्यातून दोन दिवस उपलब्ध करून देणे, त्या खोलीत जुन्या गाद्या लावणे, आणि कायद्याच्या चार गोष्टी सोप्या मराठीत समजावून सांगणे, यास मोठा निधी लागत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला तर ध्वनीच्या कंपनांचा धडा शिकविण्यास याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. रॉकचा साज परका असेल. परंतु त्यावर जे शब्द चढतील ते आपल्या गावाचे, आपल्या बोलीचे असू शकतात. ते शब्द बोलणाऱ्या तरुणाला बसावयास जागा आणि आपल्या श्रमावर हक्क मिळावा, एवढे पाहणे आपणा सर्वांच्या हाती आहे.