एका मुलीची सारी वर्षे

(मंडळाच्या वर्धापनदिनी मढ येथे केलेले भाषण)



मुलींचे शिक्षण आणि आपले मंडळ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. मी काही वक्ती नव्हे. परंतु परक्याच्या पैशावर शिकलेली एक मुलगी या गावात आहे आणि ती मीच असल्यामुळे मला नाही म्हणता आले नाही.

१९६६ सालचा जून महिना होता. भाताची रोपे टाकून झाली होती. वडिलांनी मला एस. टी. त बसवले आणि ओतूर, आळेफाटा करीत अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेऊन मिशनच्या एका शाळेत पाचवीत घातले. घरी भाताची दोन खाचरे. बोर्डिंगचा खर्च आम्हांला झेपणारा नव्हता. तो जर्मनीतली एक बाई देणार होती. "पोरगी बाटंल," असे आळीतल्या बायकांनी आईला बजावले. आई म्हणाली, "बाटायची आसंल तर हितंबी बाटंल. शिकंल मातर तिथंच."

सकाळी प्रार्थना असे, बायबलातल्या गोष्टी असत. मी त्या ऐकल्या आणि जशी गेले तशीच घरी परत आले. पण आज मला सांगायचे आहे ते निराळेच. सातवीत मी गणितात नापास झाले. दर नाताळात त्या बाईंना आभाराचे पत्र लिहायचे असे. मजकूर फळ्यावर लिहिलेला असे, आम्ही तो उतरून काढायचा. त्या वर्षी मी खाली आपल्या मनाने एक ओळ घातली : 'मी नापास झाले आहे. आता तुम्ही पैसे पाठवाल का?' आमच्या बाईंनी ती खोडली नाही, भाषांतर करून पाठवली. उत्तर आले त्यात उपदेश नव्हता. कोणता विषय जड जातो, एवढेच विचारले होते. आणि खर्च नेहमीप्रमाणे चालू राहिला. सात वर्षांचे शिक्षण मी आठ वर्षांत पुरे केले आणि १९७४ साली अकरावी मॅट्रिक झाले. त्या बाईंना मी कधी पाहिले नाही. त्यांनी किती पैसे दिले हे मला आजही ठाऊक नाही. किती वर्षे दिले, ते मात्र ठाऊक आहे.

भगिनींनो, त्याच नगर शहरात सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८३९ साली आल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. तेवीस वर्षे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची शाळा पाहून जोतिराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले तेही फरारबाईंच्या हाताखाली. दूरदेशीच्या लोकांनी मिशनला धाडलेली वर्गणी अशी आपल्या दारापर्यंत पोचली.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्या १८८६ साली अमेरिकेत गेल्या आणि इथल्या बालविधवांची हकिकत त्यांनी गावोगाव सांगितली. १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी सभा स्थापन झाली. ठिकठिकाणी 'रमाबाई मंडळे' निघाली. त्यांत सामान्य घरच्या बायकाही होत्या. प्रत्येकीने दरसाल निदान एक डॉलर, आणि तो १० वर्षे, द्यायचे वचन दिले. डॉलर एकच, पण वर्षे दहा! त्या वचनाच्या जोरावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी दारोदार वर्गणी गोळा केली. जिच्यासाठी परक्या बायकांनी झोळी धरली, तिने पुढे दुसऱ्या मुलींसाठी झोळी धरली. मदत अशी पुढे चालते.

शारदा सदनावर वादळही आले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. सदनातल्या मुलींना त्या आपल्या धर्माकडे ओढतात, असा आरोप होऊन १८९३ साली सल्लागार मंडळातील थोर मंडळींनी राजीनामे दिले आणि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. हे मी लपवत नाही. मदतीच्या मोबदल्यात मुलीकडून काय घ्यायचे, हा प्रश्न तेव्हाही खरा होता, आजही आहे. आपल्या राज्यघटनेने तो शाळांपुरता सोडवला आहे : सरकारमान्य अगर अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. पण देणाऱ्याच्या मनाला कोणती घटना बांधणार? तिथे आपणच आपल्याला बांधून घेतले पाहिजे.

आता आपल्याकडे वळते. थोडे कडू बोलते, राग मानू नये. तीन वर्षांपूर्वी वाडीवरची एक मुलगी दहावी चांगल्या रीतीने उतरली. आपण तिला व्यासपीठावर बोलावले, ओटी भरली, अकरावीची पुस्तके आणि खोलीचे पहिल्या वर्षाचे भाडे दिले, फोटो काढला. दुसऱ्या वर्षी आपण भांडी घेतली आणि तिला विसरलो. त्या बैठकीला मीही होते. मीही गप्प बसले. आठ वर्षे ज्या बाईने मला टाकले नाही, तिची आठवण मला त्या दिवशी झाली नाही, ही माझीच चूक. ती मुलगी आज टोमॅटोच्या बागेत मजुरीला जाते. मागच्या महिन्यात वाटेत भेटली, हसली, "बरं हाय ना, काकू?" म्हणाली. मला उत्तर सुचले नाही.

कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण फुकट झाले आहे, ही मोठी गोष्ट. पण आमच्या मुली गळतात त्या चौदानंतर. तेव्हा खोलीचे भाडे, खानावळ, परीक्षेची फी, पुस्तके सारे एकदम समोर येते, आणि घरचे म्हणतात, "पुरं झालं आता, स्थळ बघू."

म्हणून माझी सूचना अशी. दहाजणींना दहा वेळा थोडे थोडे देण्यापेक्षा मंडळाने एकच मुलगी घ्यावी आणि ती पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत सोडू नये. ती मिशनच्या शाळेत जावो, सरकारी आश्रमशाळेत जावो, नाहीतर ओतूरच्या कॉलेजात. प्रत्येकीने महिन्याकाठी जमेल तेवढेच, पण न चुकता द्यावे आणि ते वहीत मांडावे. नापास झाली तरी हात काढू नये. तिच्याकडून आभाराचे पत्र लिहवून घेऊ नये, फोटोही काढू नये. कोणता विषय जड जातो, एवढे मात्र जरूर विचारावे.

आणि पहिली मुलगी कोणती, हे शोधायला लांब जायला नको. टोमॅटोच्या बागेत ती आहे. तिची बारावी राहिली आहे. उद्या सकाळी मी तिच्या घरी जाणार आहे. माझ्याबरोबर कोण येते, ते सभा संपल्यावर मला सांगा.