छोट्या कचेरीचा डेटाबेस : सामायिक यंत्र की स्वतंत्र?



प्राथमिक शिक्षकांच्या अनेक पतसंस्थांचा कारभार आज संगणकावर चालतो. संचालक मंडळावर शिक्षकच असल्याने यंत्रखरेदीचा निर्णयही त्यांनाच घ्यावा लागतो. ठेवी व कर्जे यांच्या नोंदींचा डेटाबेस कचेरीच्या इतर कामांच्याच सर्व्हरवर ठेवावा, की त्यासाठी निराळे यंत्र घ्यावे, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. पैसा सभासदांचा आणि नोंदीही त्यांच्याच. म्हणून दोन्ही बाजूंनी विचार होणे इष्ट आहे.

सामायिक यंत्राची स्थिती एकशिक्षकी शाळेसारखी असते. पट लहान असेल तोवर चार इयत्ता एका शिक्षकापुढे सुखाने शिकतात. परंतु पहिलीत गलका झाला की चौथीचे गणित थांबते. फायली साठविणे, छपाई आणि डेटाबेस ही कामेही एकाच यंत्राची स्मृती व डिस्क अशीच वाटून घेतात. वारंवार लागणाऱ्या नोंदी हाताशी ठेवण्यासाठी डेटाबेसला स्मृती पुष्कळ लागते. मायएसक्यूएलच्या मार्गदर्शिकेप्रमाणे स्वतंत्र सर्व्हरवर एकूण स्मृतीच्या ८० टक्क्यांपर्यंत भाग त्याला पुष्कळदा दिला जातो. हे प्रमाण सामायिक यंत्रावर तसेच लावल्यास इतर कामे उपाशी राहतात.

दुसरी अडचण डिस्कपाशी येते. रक्कम जमा झाल्याची नोंद पक्की करताना ती डिस्कवर उतरेपर्यंत डेटाबेस थांबतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. पगारकपातीच्या नोंदी चालू असता त्याच डिस्कवर कोणी वार्षिक सभेची छायाचित्रे उतरवू लागले, तर खिडकीपुढे रांग लांबते. एसएसडीत फिरणारी तबकडी नसल्याने ही प्रतीक्षा फार कमी होते. सबब दुसरे यंत्र घेण्यापूर्वी आहे त्याच यंत्रात डेटाबेससाठी निराळी एसएसडी बसवावी व स्मृती वाढवून पाहावी. चार-पाच कर्मचाऱ्यांच्या कचेरीला एवढे बहुधा पुरते.

तथापि, काही प्रसंगी स्वतंत्र यंत्रच हितावह ठरते. महिनाअखेरच्या आठवड्यात स्मृती व डिस्क यांचा वापर मोजावा. वरील उपायांनंतरही डिस्क सतत गुंतलेली दिसली, तर वेगळे यंत्र घेण्यास सबळ कारण आहे. दुसरे कारण सुरक्षिततेचे. ज्या यंत्रावर ई-मेल उघडला जातो व कोणाचाही पेन ड्राइव्ह लागतो, तेथे खातेवही ठेवणे धोक्याचे होय. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या घातक प्रोग्रामने अनेक देशांतील कचेऱ्यांच्या फायली कुलूपबंद केल्या. जोडलेल्या यंत्रांतून तो आपोआप पसरत होता. स्वतंत्र यंत्रावर कामे थोडी असल्याने अशा शिरकावाच्या वाटाही थोड्या राहतात. अर्थात त्याची वीज, यूपीएस, अद्ययावतीकरण व देखभाल यांचा खर्च दरवर्षी येतो, हे अंदाजपत्रकात धरावे.

स्वतंत्र यंत्र म्हणजे नोंदींच्या सुरक्षिततेची हमी मात्र नव्हे. त्यातील एकुलती डिस्क बिघडली तर महाग यंत्रासह नोंदीही जातात. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवण्याची सोय केल्यास एक डिस्क बिघडली तरी काम चालते. परंतु चुकून पुसलेली नोंद दोन्हींवरून एकदमच पुसली जाते. म्हणून रोज बॅकअप घ्यावा, एक प्रत कचेरीच्या इमारतीबाहेर ठेवावी आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून नोंदी परत उभ्या राहतात की नाही, याची दुसऱ्या संगणकावर परीक्षा घ्यावी. परीक्षा न घेतलेली प्रत विश्वासास पात्र नसते.

यास्तव ठरावाचा क्रम असा असावा : प्रथम बॅकअप व यूपीएस, नंतर एसएसडी व स्मृती, त्यानंतर प्रत्यक्ष मोजणी आणि मोजणीने किंवा सुरक्षिततेने गरज दाखविली तर स्वतंत्र यंत्र. विक्रेत्याच्या आग्रहाने हा क्रम उलटला, तर यंत्र नवे येईल. पण सभासदांच्या नोंदी होत्या तितक्याच असुरक्षित राहतील.