खेळणाऱ्यांचा अभिप्राय



खेळाविषयीचा अभिप्राय आपण सहसा खेळणाऱ्याच्या शब्दांत शोधतो. परंतु त्याची कृती पुष्कळदा अधिक बोलकी असते. ब्राउझरवर खेळल्या जाणाऱ्या 'वर्डल' या छोट्या शब्दखेळाचे उदाहरण घेऊ.

जॉश वॉर्डल यांनी हा खेळ आपल्या सहचारिणी पलक शाह यांच्यासाठी रचला. इंग्रजीतील पाच अक्षरी शब्द सुमारे १२,०००. त्यांतील कित्येक सामान्य वाचकाच्या कानांवरून कधी गेलेलेही नसतात. म्हणून एकेक शब्द परिचित आहे की नाही, हे शाह यांनी नोंदवले, आणि उत्तरांसाठी सुमारे २,५०० शब्द उरले. खेळ आवडला का, असे नुसते विचारून ही निवड साधली नसती.

ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला तो ९० जण खेळले. पुढे न्यूझीलंडमधील खेळणारे रंगीत चौकोन स्वतः टंकून आपला निकाल परस्परांना कळवू लागले. त्यात उत्तर झाकलेले राही, प्रयत्नांचा क्रम मात्र दिसे. वॉर्डल यांनी हे हेरले व डिसेंबरमध्ये तशी सोय खेळातच केली. २ जानेवारी २०२२ रोजी खेळणाऱ्यांची संख्या ३ लाखांवर गेली होती.

दिवसाला एकच कोडे, हा नियम मात्र त्यांनी ढळू दिला नाही. सर्वांपुढे एकच कोडे होते, म्हणूनच त्या चौकोनांना अर्थ होता. रचनाकाराने खेळणाऱ्यांकडे बारकाईने पाहावे. पण काय स्वीकारावे याचा निर्णय खेळाचा गाभा ओळखूनच घ्यावा.